मोकळी न्हाणी

पत्र्याचा डबा फरशीवर आपटल्याचा आवाज झाला आणि छबुबाईची झापड उडाली. डबा कुठला हे तिला डोळे उघडायच्या आधीच कळलं. गोडेतेलाचा, चौकोनी, एका कोपऱ्यात पोचा आलेला, बुडाला डांबर लावून गळती बुजवलेला. न्हाणीत घंगाळाच्या मागं भिंतीला टेकून तो उभा असायचा आणि तिच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. मधल्या खोलीत तिची खाट अशी टाकली होती की उशीवरून डावीकडं मान वळवली की मागचं अंगण दिसायचं आणि अंगणापलीकडं न्हाणीचं दार. त्या दारातून डब्यामागं निळा कॅन आला, कान तुटलेला. मग रंगाची बादली, काठाला अजून पिस्ता रंगाचे पापुद्रे धरलेली. मग सुतळीत ओवलेली बाटल्यांची माळ. ती खुळखुळत आली तसं कुणीतरी हसलं. हसणारी दिपाली होती, पुण्याहून आलेली सून. "बाबा, हे बघा तरी! बाटल्यांची माळ केलीय आईंनी!" आणि आतून खाकरून घसा साफ केल्यावर येतो तसा सुंदररावाचा आवाज आला, "फेक, फेक समदं. चाळीस वर्षं जमवलंय तिनं. मला अंघोळ करायला कधी दोन पाय ठिवायला जागा न्हाई गावली." त्याच्या आवाजात उत्साह होता. लग्नाच्या एवढ्या वर्षांत छबुबाईनं त्याच्या आवाजात हा उत्साह दोनदाच ऐकला असेल, एकदा थर्मल वीजकेंद्रात कायम झाल्याची ऑर्डर आली तेव्हा, आणि एकदा शेजारच्याचं अतिक्रमण पाडलं तेव्हा. ती उशीवरून बघत राहिली. सांगायचं पुष्कळ होतं. माळेतल्या बाटल्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याच्या होत्या, सुतळीत ओवल्या की त्या घरंगळत नाहीत आणि बुरशी धरत नाहीत. निळा कॅन फक्त भांडी घासायच्या पाण्याचा. हे सगळं तिच्या डोक्यात शब्दाला शब्द लागून, कानामात्रेसकट तयार होतं. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "मुडदा."

"उठल्या वाटतं आई," दिपाली अंगणातून म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी त्याच न्हाणीत छबुबाईच्या अंगावरून वारं गेलं होतं. वाकून घागर उचलायला गेली आणि घागर उचललीच गेली नाही. हात आपला नसल्यासारखा लोंबत राहिला, आणि ओल्या फरशीवर ती बसली ती बसलीच. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता, तोंड थोडं वाकडं झालं होतं, कान आणि अक्कल जिथल्या तिथं होती, आणि बोलायला एकच शब्द उरला होता. पाणी हवं, मुडदा. लघवीला जायचं, मुडदा. मुलगा प्रविण व्हिडिओ कॉलवर डोळ्यांत पाणी आणून "आई, ओळखलंस का मला?" म्हणाला तेव्हा तिनं पोटातून माया आणून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, मुडदा. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की मेंदूच्या एका बाजूला मार लागला की असं होतं, बाकी भाषा जाते आणि एखादी शिवी, एखादं देवाचं नाव तेवढं अडकून राहतं. त्याला अर्थ नसतो, मनावर घेऊ नका. तेव्हापासून सुंदरराव भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगून टाकायचा. "काई बोलली तर मनावर घिऊ नका. तिला कळत न्हाई काय बोलायलीय ते. जल्मात तोंडातून शिवी न्हाई काढली बिचारीनं, आन् बघा आता, देवाची करणी." येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून चुकचुकायच्या. खरंच, छबुबाईच्या तोंडून गल्लीनं कधी आवाजसुद्धा ऐकला नव्हता. नळावरच्या भांडणात ती घागर घेऊन मागं सरकायची. सासू असेपर्यंत सासूपुढं आणि नंतर नवऱ्यापुढं ती 'हो' आणि 'बरं' या दोन शब्दांवर संसार करत आली. गरीब गाय, म्हणायचे लोक. गाय! खाटेवर पडल्या पडल्या ती गाय आठवली की तिच्या चांगल्या हाताच्या मुठी वळायच्या, म्हणजे एकच मूठ वळायची, दुसरी पंजा पसरून पांघरुणावर पडलेली असायची, मेलेल्या पालीसारखी. तो शब्द अर्थावाचून अडकला नव्हता. तो कुठून आला हे तिला नेमकं माहीत होतं. तो न्हाणीतून आला होता.

परळीत नळाला पाणी कधी आठवड्यानं यायचं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, आणि आलं की कधी जाईल याचा नेम नसायचा. नळाचा दिवस हा घरातला सणच, पण तो साजरा करायचा छबुबाईनं एकटीनं. नळ न्हाणीत होता. ती आत शिरायची, दाराला कडी घालायची आणि पाइप टिपाडात, पत्र्याच्या मोठ्या पिंपात, सोडायची. रिकाम्या टिपाडावर पाण्याची धार पडली की असा दणका उठायचा की बाहेर कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये. त्या दणक्यात पहिल्यांदा ती बोलली ती तिची आई गेल्याच्या महिन्यात. आधी नुसते ओठ हलले. मग आवाज आला. मग तो पाण्याबरोबर चढत गेला. "मुडदा बशिवला तुझा. तिरडी बांधली तुझी. तुझ्या तोंडात माती पडली." बाहेर ती त्याला 'अहो, तुमी' म्हणायची, न्हाणीत 'तू' म्हणायची, आणि ते 'तू' उच्चारताना जिभेला थंडगार गुळाचा खडा लागल्यासारखं वाटायचं. टिपाड भरलं की आवाज बसका व्हायचा, त्याच्याबरोबर तीही आवाज उतरवायची. मग घागर. मग कळशी. कळशी फार लवकर भरते, तिच्यात एका शिवीपुरतीही जागा नसते. म्हणून तिनं डबे जमवायला सुरुवात केली. तेलाचे, रंगाचे, लग्नाघरी आचाऱ्यांनी टाकून दिलेले, थर्मलच्या वसाहतीतून बदली होऊन जाणाऱ्यांनी मागं ठेवलेले. लोकांना वाटायचं दुष्काळानं हात आखडलाय, पाण्याची हाव सुटलीय. पाण्याची हाव होतीच. पण रिकामं भांडं नळाखाली धरलं की त्याच्या बुडातून जो आवाज उठायचा त्याची हाव जास्त होती. कुठल्या भांड्यात किती बोलता येतं हे तिला पाठ झालं होतं. आता ती सगळी अंगणात ओळीनं पडली होती, उपडी आणि आडवी, आणि त्यांच्यावर राखेचा बारीक थर बसायला सुरुवातही झाली होती. परळीत काहीही बाहेर ठेवलं की बसतो तसा.

दिपाली आत आली. पायजमा वर दुमडलेला, केसाला रुमाल, हातात रबरी मोजे. मूळची माजलगावची पोर, पण पुण्यात राहून जिभेला वेगळं पाणी चढलेलं. ती वाईट नव्हती. छबुबाईला नेमकं हेच सोसवत नव्हतं. वाईट असती तर मनातल्या मनात तिची चटणी वाटता आली असती. ही येऊन गूमूत काढत होती, केस विंचरत होती, आणि रोज दुपारी समोर बसून, "आई, म्हणा, पा... णी. पा... णी," असं बालवाडीतल्या बाईसारखं तोंड करून शिकवत होती. "आई, आजचा दिवस जरा गोंधळ होईल हां," ती खाटेजवळ उकिडवी बसून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, खुर्चीवर बसवून अंघोळ घालायची. खुर्ची आत बसायला जागा नको का? पायात काही आलं तर पुन्हा पडाल. मी एकदम छान करते, बघा. कोपऱ्यात स्टँड, भिंतीला हुक, साबण-शाम्पू डब्यांत. सहा महिन्यांत जे वापरलं नाही ते घरात ठेवायचं नाही, असा नियमच असतो." नियम! छबुबाई तिच्या मोज्यांकडं बघत राहिली. त्या मोज्यांनी मिश्रीची डबी उचलली असणार. पाय घासायची वजरी उचलली असणार. साबणाच्या उरलेल्या चकत्या एकावर एक दाबून केलेला तिचा गोळा, तांबडा-हिरवा-पांढरा, तोही. तिनं मान हलवली, नाही. जोरात हलवली. "होय ना, छानच होईल," दिपाली म्हणाली, आणि तिच्या गालाला मोज्याचा ओला हात लावून गेली. "मुडदा," छबुबाई तिच्या पाठीला म्हणाली. "हो हो, आलेच," दिपालीनं वळून न बघता उत्तर दिलं.

वजरी तिच्या आईची होती. दिंद्रुडला नदीकाठी मिळायचा तसला काळा, भोकाभोकांचा दगड, एका बाजूनं झिजून पायाच्या टाचेच्या आकाराचा झालेला. साखराबाईनं, तिच्या आईनं, ती लग्नात रुखवतात गुपचूप सरकवली होती. लोक भांडी देतात, हिनं दगड दिला, म्हणून सासू हसली होती. साखराबाई मेली तेव्हा याच घरात लग्न होतं. सुंदररावाच्या भाचीचं, त्याच्या बहिणीला परवडत नव्हतं म्हणून त्यानं परळीत आपल्या दारात मांडव घातला होता. छबुबाई पहाटेपासून चुलीपुढं होती. पुरण शिजत होतं, वाटलं जात होतं, पोळ्यांची चळत परातीत चढत होती, आणि कुणी काही म्हटलं की ती हसून 'हो' म्हणत होती. लग्न लागलं, वरात गेली, मांडव उतरला. मांडव उतरल्यावर सुंदररावानं अंघोळ केली, जेवला, आणि दातात काडी घालून ओट्यावर बसून म्हणाला, "दिंद्रुडहून निरोप आलाय. तुझी आई गेली." ती म्हणाली, "कवा?" तो म्हणाला, "परवा." सिरसाळ्यावरून जीप धरून ती पोचली तेव्हा अंगणात पाणी तापवल्याच्या चुलीची राख होती आणि भाऊ शहादेव डोकं भादरून बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही आधी. मग म्हणाला, "तुमच्या थर्मलच्या गेटवर फोन केलता मी. दाजी सोता फोनवर आलते. म्हनलं, आईचं काई खरं न्हाई, अक्काला घिऊन या. त्येच्यानंतर दोन दिवस जगली ती. तुझ्यासाठी दाराकडं तोंड करून निजिवली व्हती." छबुबाई रडली नाही. रडायचं तिथंच ठेवून ती परळीला परत आली, सुंदररावाला ताट वाढलं, त्याचा कोळशानं काळा झालेला बनियन भिजत घातला. आणि त्या महिन्यात नळाला पाणी आलं तेव्हा कडी घालून आत गेली.

दुपार कलताना गल्लीत भंगारवाल्याचा पुकारा आला आणि सुंदररावानं त्याला बोळीतून मागच्या अंगणात घेतलं. हातगाडी दारात उभी राहिली. भंगारवाला डबे उचलून, वाजवून बघत होता. पत्रा, प्लॅस्टिक, पत्रा. बोटांच्या सांध्यानं तो डबा ठोकायचा आणि बाजूला टाकायचा, आणि तो ठोका छबुबाईच्या छातीत बसायचा, कारण प्रत्येक डब्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता आणि आता तो परका माणूस फुकट वाजवत होता. पोचा आलेला तेलाचा डबा गाडीवर चढला. घागर चढली, बुडाला चीर गेलेली, खरं, पण निम्म्यापर्यंत पाणी धरायची. घंगाळ मात्र सुंदररावानं बाजूला काढलं. "हे पितळी हाय, हे न्हाई द्यायचं," तो म्हणाला, आणि त्या शहाणपणावर खूश होऊन त्यानं खोलीच्या दिशेनं बघितलं. छबुबाईनं चांगल्या हातानं खाटेची कड धरली. सगळा जीव गोळा करून तिनं अर्धं अंग उचललं, आणि दोन महिन्यांत जेवढा आवाज निघाला नव्हता तेवढा आवाज निघाला. "मुडदा! मुडदा! मुडदा!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या गच्चीवर योगिता, शेजाऱ्याची सून, हातात वाळवणाचं कापड घेऊन थांबली. भंगारवाल्याचा हात गाडीवर तसाच राहिला. "मावशी मला म्हंती का वो?" त्यानं सुंदररावाला विचारलं. "माफ करा, तुमी बलिवलं म्हनून आलो म्या." सुंदरराव हसला. "तुला कशाला म्हनंल. कुनालाच म्हनत न्हाई ती. वारं गेलंय अंगावरनं. तिला कळत न्हाई काय बोलायलीय." योगिता वरून म्हणाली, "काकू लई गरीब हायत वो, अशा न्हव्हत्या." भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला, जगात काय काय बघावं लागतं अशा अर्थानं, आणि गाडी ढकलली.

छबुबाई उशीवर पडली. तिला घाम फुटला होता. एवढी वर्षं पाण्याखाली बोलली ते आज भर दुपारी, भर गल्लीत, माणसांसमोर, त्याच्या तोंडावर बोलली. आणि कुणाला काही ऐकूच आलं नाही. तिनं जमिनीवर थुंकावं तर तो आजार झाला असता. तिनं त्याला चावलं असतं तर ती मेंदूची बाजू झाली असती. माणसाला हात-पाय नसले तरी चालतं, जीभ नसली तरी चालतं, पण त्याचा राग त्याचा आहे एवढं तरी समोरच्यानं धरून चाललं पाहिजे. तेवढंही तिच्याकडं ठेवलं नव्हतं. आणि तिला सुंदररावाचं ते हसू डोळ्यांपुढून जाईना. ते दयेचं हसू नव्हतं. ते सवयीचं हसू होतं, जुनं, घासून गुळगुळीत झालेलं. असं हसू आज पहिल्यांदा येत नाही कुणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्हाणी दाखवायला नेली. दिपालीनं एका बगलेत हात घातला होता, सुंदररावानं दुसऱ्या. दार उघडलं आणि छबुबाईला वाटलं, हे कुण्या परक्याचं घर आहे. भिंती दिसत होत्या. एवढ्या वर्षांत तिनं त्या भिंती खालपर्यंत कधी बघितल्याच नव्हत्या. फरशी घासून पांढरी केली होती. सुंदरराव ड्युटीवरून येऊन अंग धुवायचा तेव्हा कोळशाच्या पाण्यानं फरशांच्या सांध्यांत बसलेला काळा दोरा तिला जन्मभर निघाला नव्हता, तो कसल्याशा ॲसिडनं निघाला होता. कोपऱ्यात पांढरं स्टँड, त्याच्यावर झाकणाच्या डब्या, एकसारख्या. भिंतीला चिकटवलेले हुक. टिपाडाच्या जागी दोन बादल्या, एकात एक बसणाऱ्या. आणि मधोमध खुर्ची, प्लॅस्टिकची, बुडाला भोक असलेली, जणू आता इथून पुढं या खोलीची तीच मालकीण. "आवडलं?" दिपालीनं विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, मोजे असूनही नखं ॲसिडनं सोलवटली होती, आणि ती खरंच उत्तराची वाट बघत होती. त्या क्षणी छबुबाईला तिची दया आली आणि दयेमागून लगेच संताप आला. दया करायला लावणाऱ्या माणसासारखा दुष्ट कोण असतो? "मी संध्याकाळच्या गाडीनं निघणार ना आई," दिपाली म्हणाली. "उद्यापासून बाबांनाच करायचंय. म्हणून आज बाबाच घालतील अंघोळ, मी बाहेर उभी राहते. काही लागलं तर हाक मारा, बाबा. आणि हो, बोलत राहा त्यांच्याशी. गप्प नका बसू दोघंही."

दार लोटलं गेलं. परकर छातीशी बांधलेली छबुबाई खुर्चीत बसली होती आणि समोर सुंदरराव, लुंगी वर खोचून, हातात मग. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडं असा उजेडात बघायला कधी थांबला नव्हता. त्यानं पाण्यात बोट घालून बघितलं, पहिला मग तिच्या खांद्यावर ओतला. पाणी ठीक होतं. तिला चटका बसायला हवा होता. पाणी ठीक होतं, याचाच राग आला. त्याचा हात साबण घेऊन तिच्या पाठीवर फिरायला लागला, अवघडलेला, गाडी धुवावी तसा. रिकाम्या न्हाणीत प्रत्येक थेंबाचा आवाज वरपर्यंत जाऊन खाली येत होता. भिंती मोकळ्या झाल्यावर खोली बोलायला लागते हे तिला माहीत नव्हतं.

"मुडदा," ती म्हणाली. खोलीनं तो शब्द उचलून परत दिला.

"बोल, बोल," सुंदरराव म्हणाला. दाराकडं एकदा बघून त्यानं आवाज खाली घेतला. "मला काय नवं हाय? तुला काय वाटतंय, मला ठाव न्हाई? लोकास्नी सांगतो, जल्मात शिवी न्हाई दिली म्हनून. सांगाया लागतं. हितं मागं बोळीत उभा ऱ्हाऊन बिडी वढायचो मी, नळाच्या दिवशी. झरोका उघडा असतोय. समदं ऐकू यायचं. मुडदा बशिवला, तिरडी बांधली, तोंडात माती." तो मोजल्यासारखं बोटं मिटत गेला, आणि खांद्यावरून पाणी ओतत हसला. कालचंच हसू. "एकदा तर तू मला बारवात ढकलून दिलतंस. माझ्या आईला म्हनलो बी मी तवा, बोलू दे तिला. बोलून मोकळी व्हती, मग कामाला लागती."

छबुबाईच्या अंगावरचं पाणी एकदम गार झालं. बाहेर कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज सुरू होऊन थांबला. बोलून मोकळी होती, मग कामाला लागती. म्हणजे ती कडी घालत होती तेव्हा तो बाहेर बिडी ओढत होता. ती त्याला तिरडीवर बांधत होती आणि तो झुरके घेत होता, आणि सासू माहीत असून गप्प होती, आणि दोघं मिळून तिचं मोकळं होणं संपायची वाट बघत होते, गाय पान्हवायची बघावी तशी. सगळे डबे, सगळे कॅन, उन्हाळ्याचे उन्हाळे. तिनं जे चोरून जमवलं म्हणून जपलं होतं ते त्यानं कधीच नावावर करून घेतलं होतं. तिचा एकमेव शब्द ओठांवर आला आणि तिनं दात आवळून धरला. तो शब्द आता त्याच्या ओळखीचा, त्याच्या पोटात पचलेला. तो पुन्हा त्याला द्यायचा नाही. दुसरं काहीतरी. तिनं डोक्यात हात घातल्यासारखं चाचपडून बघितलं. शब्द सगळे होते, अंगणातल्या भांड्यांसारखे ओळीनं, पण एकाचाही कान हाताला लागत नव्हता. जीभ टाळ्याला चिकटली, सुटली. मानेची शीर ताठ झाली. डाव्या हातानं तिनं खुर्चीचा दांडा असा धरला की खुर्चीचा पाय फरशीवर कुरकुरला.

"काय व्हायलंय?" सुंदरराव म्हणाला. "छबे?"

"का," छबुबाई म्हणाली. लाळ हनुवटीवर आली. "का... वू..."

त्याच्या हातातला मग थांबला.

"कावून," ती म्हणाली.

तो बघत राहिला. तिनं पुन्हा म्हटलं, आणि या वेळी शब्द अख्खा आला, ओला, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा, पण चारी पायांवर. "कावून?" तिला स्वतःला ठाऊक नव्हतं ती कशाचं विचारते आहे. बोळीत उभा राहायचास ते कावून? डबे दिलेस ते कावून? हसतोस ते कावून? विचारायला एक गोष्ट नव्हती. एवढ्या शिव्या दिल्या होत्या तिनं टिपाडाच्या आवाजात, पण हा साधा 'का', पोरंसुद्धा विचारतात तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता. शिवी दिली की काम झालं असं वाटायचं. प्रश्न विचारला की समोर माणूस उभा राहतो आणि त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. ती आता बघत होती. सुंदररावाचं तोंड तिच्या डोळ्यांदेखत म्हातारं झालं. हसू कुठं गेलं ते त्यालाही कळलं नसेल. त्यानं हातातला मग बादलीत सोडला, तो बुडाला. "पानी... पानी गार झालंय व्हय," तो म्हणाला, आणि हाताचा साबणही न धुता दार उघडून बाहेर गेला.

दिपाली धावत आत आली. तिला वाटलं आई पडल्या. छबुबाई खुर्चीत ताठ होती, केसांतून पाणी गळत होतं. "काय झालं आई? बाबा असे का गेले?"

"कावून," छबुबाई म्हणाली.

दिपालीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ती ओरडली. "बाबा! बाबा, ऐकलंत का? नवीन शब्द! आई नवीन शब्द बोलल्या!" तिनं छबुबाईचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पुण्याची जीभ सुटली आणि ती माजलगावची झाली. "आई वो, बोललाव तुमी! लई भारी बोललाव!" तिला टॉवेलमध्ये गुंडाळत, हसत, अंगणाकडं बघत ती बोलत राहिली. सुंदरराव अंगणात, काल डबे होते त्या मोकळ्या जागेत पाठमोरा उभा होता. "इकडं या ना बाबा. त्या डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या होत्या मला? पेशंटनं नवा शब्द काढला की लगेच उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की पुढचा शब्द येतो, नाही मिळालं तर हाही जातो. या, समोर उभे राहा. प्रश्न विचारतायत त्या, द्या उत्तर. काहीही द्या."

तो आला नाही. तिनं जाऊन दंडाला धरून आणला. हट्टी पोराला आणावं तसा तो आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. खाली बघत होता, पांढऱ्या झालेल्या फरशीकडं. "म्हणा आई," दिपाली म्हणाली. "म्हणा पुन्हा."

"कावून?"

शेजारी गच्चीवर कुणीतरी कपडे झटकत होतं. मग तो पुटपुटला, फरशीलाच सांगितल्यासारखं. "पोळ्या कोन लाटनार व्हतं मग? एवढी मान्सं आलती दारात. तू गेली असतीस तर... पोळ्या कोनी केल्या असत्या?"

"कुठल्या पोळ्या, बाबा?" दिपाली हसत म्हणाली, आणि दोघांकडं बघून तिचं हसू अर्ध्यात राहिलं.

छबुबाई बघत होती. त्यानं आपणहून नेमकं तेच काढलं होतं. एवढ्या कावूनांतून, तिनं बोट न दाखवता, त्याचा हात सरळ त्याच एकावर गेला होता; म्हणजे ते त्याच्याजवळ वरच होतं, रोज, हाताशी. आणि ते एवढंच होतं. वैर नव्हतं, डाव नव्हता, जन्मभर ज्याच्यावर शिव्यांचं टिपाड ओतलं ते काही मोठं काळं असं त्याच्या पोटात नव्हतंच. परातीत चढणारी पोळ्यांची चळत होती. तिची आई दाराकडं तोंड करून पडली होती आणि हिच्या हाताला पिठाचा वास येत होता, म्हणून. तिनं टॉवेल छातीशी डाव्या हातानं घट्ट धरला. दिपाली कावरीबावरी होऊन एकदा सासूकडं आणि एकदा सासऱ्याकडं बघत होती. सुंदररावाला वाटलं झालं, उत्तर दिलं, सुटलो. त्यानं चौकटीवरचा हात काढला.

"कावून?" छबुबाईनं विचारलं. शब्द आता तिच्या जिभेवर नीट बसला होता.